सिनेमाच्या सुरावटी, नव्या वाद्यवृंदात: एसएसीडी आणि हाय-फाय डिस्कविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हॉलिवूडच्या गाजलेल्या चित्रपटांचं संगीत मूळ चित्रपटाबाहेरच्या वाद्यवृंदांनी पुन्हा वाजवलं आणि ते एसएसीडीसारख्या उत्तम प्रतीच्या डिस्कवर निघालं. त्याबद्दल नवे श्रोते जे विचारतात ते इथे एकत्र केलं आहे. माझं मत आधीच सांगतो. डिस्कवर कोणता लोगो आहे यापेक्षा ते संगीत कोणत्या सभागृहात, कोणत्या वादकांनी आणि कोणत्या तंत्रज्ञाच्या हाताखाली वाजवलं, हे आधी बघावं.

मूळ साउंडट्रॅक असताना दुसऱ्यांनी वाजवलेलं का ऐकायचं?

कारण पुष्कळदा मूळ साउंडट्रॅक ऐकण्याजोग्या स्थितीत नसतो. १९३० आणि १९४० च्या दशकांत हॉलिवूडचं संगीत प्रकाशीय पद्धतीने फिल्मवर मुद्रित व्हायचं, तेही मोनोमध्ये. त्यात खर्ज दबायचा आणि वरच्या पट्टीतली झळाळी कापली जायची. चित्रपटात पोचेपर्यंत ते संवादांखाली आणि तलवारींच्या खणखणाटाखाली आणखी दबलेलं असायचं. पार्श्वसंगीताची स्वतंत्र रेकॉर्ड काढण्याची पद्धतही तेव्हा नव्हती. एरिक वुल्फगँग कोर्नगोल्ड किंवा मॅक्स स्टायनर या संगीतकारांनी साठ-सत्तर वादकांसाठी केलेलं लेखन लोकांनी कित्येक वर्षं फक्त अर्धवटच ऐकलं.

हे बदलायला मोठा हातभार लावला तो वाद्यवृंद-संचालक चार्ल्स गेरहार्ट यांनी. १९७२ मध्ये आरसीए या रेकॉर्ड कंपनीने त्यांच्या संचालनाखाली कोर्नगोल्ड यांच्या चित्रपटसंगीताची एलपी काढली. वाद्यवृंद होता लंडनचा नॅशनल फिलहार्मोनिक, जागा होती तिथलाच किंग्जवे हॉल, मुद्रण केलं केनेथ विल्किन्सन यांनी आणि निर्माता होता कोर्नगोल्ड यांचाच मुलगा जॉर्ज. त्या एलपीला इतका प्रतिसाद मिळाला की पुढे स्टायनर, आल्फ्रेड न्यूमन, फ्रान्झ वॅक्समन, बर्नार्ड हर्मन, दिमित्री त्योम्किन, मिक्लोश रोझा अशा सगळ्या मोठ्या नावांची मालिकाच उभी राहिली. पितळी वाद्यं सभागृहात घुमतात आणि त्यांच्या मागे तंतुवाद्यांची फळी स्पष्ट दिसते. हे मूळ फिल्मवर नव्हतं. संगीतकाराच्या कागदावर मात्र होतं. म्हणून गेरहार्ट यांच्या या मालिकेला ‘नक्कल’ म्हणणं मला पटत नाही.

कधी कधी तर कागदही उरत नाही. एमजीएम स्टुडिओने १९६० च्या दशकाच्या अखेरीस आपल्या संगीत विभागातल्या स्वरलिपी कचऱ्याच्या भरावात टाकल्या. पुढे इंग्लंडचे संचालक जॉन विल्सन यांनी एमजीएमच्या संगीतिकांमधलं वाद्यसंयोजन चित्रपट पुन्हा पुन्हा ऐकून, कानाने टिपून नव्याने लिहून काढलं. अशा वेळी पुनर्मुद्रण हाच त्या संगीताचा एकमेव धड पुरावा असतो.

पण डिस्कवर ‘मूळ साउंडट्रॅक’ असं छापलेलं असेल तर ते नक्कीच चित्रपटातलं असेल ना?

दरवेळी नाही. संगीतकार हेन्री मँचिनी यांची उदाहरणं प्रसिद्ध आहेत. ‘ब्रेकफास्ट ॲट टिफनीज’ची १९६१ ची आरसीएची एलपी सगळ्यांच्या घरात पोचली, पण तिच्यावरचं संगीत खास एलपीसाठी वेगळं वाजवलेलं आहे. घरी निवांत ऐकायला बरं वाटेल अशी सुटसुटीत मांडणी मँचिनी यांनी त्यासाठी केली. चित्रपटात प्रत्यक्ष वाजलेल्या फिती अमेरिकेतल्या इंट्राडा या कंपनीने काढल्या त्या २०१३ मध्ये! म्हणजे ज्या आवाजाला लोक पन्नास वर्षं मूळ समजत होते, ते संगीतकाराने स्वतःच केलेलं दुसरं रूप होतं. ते रूप अतिशय सुंदर आहे, आणि मूळ-नक्कल या वादात फार ताणून धरू नये याचं ते चांगलं कारण आहे.

एखादं कव्हर, म्हणजे दुसऱ्यांनी वाजवलेलं रूप, मूळ संगीतापेक्षा जास्त गाजलंय का?

अनेकदा. वाद्यवृंदप्रमुख पर्सी फेथ यांनी १९५९ मध्ये ‘अ समर प्लेस’मधली मॅक्स स्टायनर यांची सुरावट वाजवली आणि १९६० मध्ये ती अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीत सलग नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. गंमत म्हणजे ही त्या चित्रपटाची मुख्य शीर्षकधून नव्हेच, दोन तरुण पात्रांसाठीची दुय्यम प्रेमधून आहे. फेथ यांनी तिला तंतुवाद्यांचा पदर दिला आणि खाली तीन-तीनच्या ठेक्यात पियानो ठेवला. आज ती सुरावट आठवते ती याच रूपात.

ह्यूगो मॉन्टेनेग्रो यांनी १९६८ मध्ये एन्नियो मॉरिकोने यांची ‘द गुड, द बॅड अँड द अग्ली’ची शीर्षकधून केली. ती अमेरिकेत दुसऱ्या आणि ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेली. ओकारिना, शीळ, हार्मोनिका आणि इलेक्ट्रिक व्हायोलिन अशा मोजक्या रंगांचं ते काम आहे, आणि चांगल्या यंत्रणेवर प्रत्येक रंगाची जागा बोट ठेवून दाखवता येते. १९६९ मध्ये निनो रोटा यांची ‘रोमिओ अँड ज्युलिएट’ची प्रेमधून मँचिनी यांनी पियानोवर घेतली आणि तिने बीटल्सना पहिल्या क्रमांकावरून खाली आणलं.

एसएसीडी म्हणजे नेमकं काय?

सुपर ऑडिओ सीडी. सोनी आणि फिलिप्स यांनी १९९९ मध्ये ती बाजारात आणली. आकार नेहमीच्या सीडीइतकाच, १२ सेंटिमीटर. साधी सीडी सेकंदाला ४४,१०० वेळा आवाजाचं मोजमाप घेते आणि प्रत्येक मोजमाप १६ बिटांत लिहिते. एसएसीडीची डीएसडी पद्धत वेगळी आहे. ती फक्त १ बिट वापरते, पण सेकंदाला २८,२२,४०० वेळा, म्हणजे सीडीच्या ६४ पट वेगाने. शिवाय एकाच डिस्कवर स्टिरिओ आणि सहा चॅनेलपर्यंतचं मल्टिचॅनेल अशी दोन्ही मिश्रणं (मिक्स) राहू शकतात. चित्रपटसंगीताच्या शौकिनाला यातलं मल्टिचॅनेलच सर्वांत मोलाचं, ते का हे पुढे येईल.

माझ्या साध्या सीडी प्लेयरवर ती वाजेल का?

डिस्कवर ‘हायब्रिड’ लिहिलं असेल तर वाजेल. हायब्रिड डिस्कमध्ये एकावर एक असे दोन थर असतात. साध्या प्लेयरचा ७८० नॅनोमीटरचा लेझर वरच्या थरातून आरपार जाऊन सीडीचा थर वाचतो. एसएसीडी प्लेयरचा ६५० नॅनोमीटरचा लेझर त्याच वरच्या, जास्त दाट थरावर केंद्रित होतो. साध्या प्लेयरवर तुम्हाला सीडीच्या दर्जाचा आवाज मिळेल, जास्तीचा थर तसाच झाकलेला राहील. हायब्रिड नसलेल्या डिस्कही आहेत, विशेषतः जपानमध्ये निघालेल्या. त्या साध्या प्लेयरवर मुळीच वाजत नाहीत. विकत घेण्याआधी वेष्टनाची मागची बाजू नीट वाचा.

संगणकात टाकली तर फक्त सीडीच दिसते. डिस्क खराब आहे का?

नाही. संगणकाचे ड्राइव्ह एसएसीडीचा थर वाचतच नाहीत. सोनी-फिलिप्सने नकलेच्या भीतीने तशीच रचना केली. ऐकण्यासाठी एसएसीडी प्लेयर किंवा हा प्रकार वाचणारा ब्लू-रे प्लेयर लागतो. प्लेस्टेशन ३ ची सुरुवातीची मॉडेल्स एसएसीडी वाचतात, पुढची वाचत नाहीत. ओप्पोचे प्लेयर शौकिनांचे लाडके होते, पण त्या कंपनीने २०१८ मध्ये हा विभाग बंद केला. ते सेकंडहँड घेताना लेझर आणि ट्रे दोन्ही चालवून बघा. मल्टिचॅनेलसाठी एचडीएमआयने रिसीव्हरला जोडणं सर्वांत सोपं.

एसएचएम-सीडी, ब्लू-स्पेक, एक्सआरसीडी, एचडीसीडी ही काय भानगड आहे?

यातलं प्रत्येक नाव वेगळ्या गोष्टीचं आहे. एसएचएम-सीडी आणि ब्लू-स्पेक सीडी या २००८ च्या सुमारास जपानमधून आल्या. पहिलीत जास्त पारदर्शक पॉलिकार्बोनेट वापरलं आहे, दुसरीत साचा तयार करताना ब्लू-रेचं तंत्र. डिस्कवरची माहिती मात्र साध्या सीडीचीच, १६ बिट आणि ४४.१ किलोहर्ट्झ. तीच मास्टर फाइल साध्या सीडीवर असेल तर केवळ प्लास्टिकसाठी जास्त पैसे मोजू नयेत. जेव्हीसीची एक्सआरसीडीसुद्धा शेवटी सीडीच, पण मूळ टेपपासून साच्यापर्यंत प्रत्येक पायरीवर मेहनत घेतलेली. ती मेहनत ऐकू येते. एचडीसीडी ही १९९५ ची पद्धत. तिच्यात सीडीच्या शेवटच्या बिटात जास्तीचे संकेत दडवलेले असतात आणि त्यांचा उपयोग डीकोडर असेल तरच.

खरं सांगा, सीडी आणि एसएसीडी यातला फरक कानाला कळतो का?

यावर भांडणं फार होतात, म्हणून आकडेच देतो. २००७ मध्ये ऑडिओ इंजिनिअरिंग सोसायटीच्या नियतकालिकात मेयर आणि मोरन यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. एसएसीडी आणि डीव्हीडी-ऑडिओचा आवाज एकदा थेट ऐकवायचा, एकदा मध्ये सीडीच्या दर्जाचा टप्पा घालून. श्रोत्यांनी ५५४ वेळा निवड केली आणि त्यातली २७६ उत्तरं बरोबर आली. नाणं उडवूनही हेच झालं असतं. २०१६ मध्ये जोशुआ रीस यांनी १८ अभ्यास एकत्र करून पाहिले तेव्हा बरोबर उत्तरांचं प्रमाण ५२.३ टक्के निघालं. फरक आहे, पण अगदी बारीक.

मेयर आणि मोरन यांच्या लेखातली दुसरी गोष्ट मात्र लोक विसरतात. नेहमीच्या सीडींपेक्षा या डिस्क ऐकायला सहसा सरस वाटतात हे त्यांनीही नोंदवलं. श्रेय त्यांनी डिस्कच्या प्रकाराला दिलं नाही. या डिस्क निगुतीने ऐकणाऱ्यांसाठी बनतात, त्यामुळे मास्टरिंग (डिस्कसाठी आवाजाला शेवटचा हात फिरवण्याचं काम) करणाऱ्यावर आवाज चढवून सपाट करण्याचा दबाव नसतो, असं त्यांचं म्हणणं. माझ्या कपाटातल्या डिस्क हेच सांगतात. हळू वाजणारा ओबो खरोखर हळू असतो आणि नंतर येणारा टिंपनी अंगावर येतो. ही चढउताराची मोकळीक चित्रपटसंगीताचा प्राण आहे. रेडिओसाठी दाबून काढलेल्या सीडीत पहिल्यांदा तिचाच बळी जातो.

चार स्पीकरचं ‘क्वाड्राफोनिक’ म्हणजे काय, आणि ते आता एसएसीडीवर का येतंय?

हा या छंदातला सर्वांत आनंदाचा भाग आहे, म्हणून जरा सविस्तर.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला कंपन्यांना वाटलं की स्टिरिओनंतरचं पाऊल म्हणजे खोलीच्या चार कोपऱ्यांत चार स्पीकर. मग पर्सी फेथ, मँचिनी, मॉन्टेनेग्रो अशा वाद्यवृंदप्रमुखांच्या रेकॉर्डी चार चॅनेलमध्ये निघू लागल्या आणि त्यांच्यात चित्रपटांच्या सुरावटींचा मोठा भरणा असे. अडचण होती ती एलपीच्या खाचेत चार चॅनेल बसवण्याची. कोलंबियाच्या एसक्यू पद्धतीने चार चॅनेल दोनात मिसळले. ते घरी पुन्हा वेगळे करताना एकमेकांत सांडायचे. आरसीएने जेव्हीसीची सीडी-४ पद्धत घेतली. तिच्यात मागच्या-पुढच्या चॅनेलमधला फरक ३० किलोहर्ट्झच्या वाहक लहरीवर, ऐकू न येणाऱ्या पट्टीत कोरलेला असे. तो वाचायला शिबाता आकाराची खास सुई लागे, आणि साध्या सुईने काही वेळा रेकॉर्ड वाजवली की ती नाजूक लहर झिजून जायची. ग्राहकाला दोन्ही पद्धतींची यंत्रं परवडेनात आणि त्याच दशकात सगळं बारगळलं.

स्टुडिओतल्या चार चॅनेलच्या मास्टर टेप मात्र शाबूत होत्या. इंग्लंडच्या डटन व्होकॅलियन या कंपनीने त्या टेप शोधून काढून मल्टिचॅनेल एसएसीडी काढायला सुरुवात केली, पुष्कळदा दोन एलपी एका डिस्कवर. ना मिसळणं, ना सुई, ना झीज. त्या वादकांनी आणि तंत्रज्ञांनी १९७३-७४ मध्ये जे मिश्रण केलं होतं ते घराघरांत पहिल्यांदा नीट ऐकू आलं ते असं, जवळपास चार दशकांनी. मागच्या डाव्या कोपऱ्यातून गिटार, उजव्या कोपऱ्यातून बोंगो आणि समोर तंतुवाद्यं. काहींना हे अतिरेकी वाटतं. मला ते त्या काळाचं मोकळेपण वाटतं, आणि ही मिश्रणं स्टिरिओत ऐकून त्यांच्यावर मत देऊ नये असं माझं आग्रहाचं सांगणं आहे.

एक सूचना: आजची ५.१ मांडणी (पाच स्पीकर आणि खर्जासाठी एक सबवूफर) चित्रपटासाठी असते, मागचे स्पीकर बाजूला सरकलेले आणि छोटे. क्वाडमध्ये चारही चॅनेलना सारखंच काम असतं. मागचे स्पीकर पुढच्यांच्या तोडीचे हवेत आणि खरोखर मागे हवेत. मधला स्पीकर गप्प राहिला तर घाबरू नका, त्याच्यासाठी काही मुद्रितच नाही.

जुन्या रेकॉर्डवर ‘३५ एमएम’ लिहिलेलं असतं. त्याचा सिनेमाशी काय संबंध?

थेट संबंध! १९५० च्या दशकाच्या अखेरीस एव्हरेस्ट कंपनीने आणि नंतर मर्क्युरी व कमांड या कंपन्यांनी नेहमीच्या टेपऐवजी चुंबकीय थर दिलेल्या ३५ मिलिमीटरच्या सिनेफिल्मवरच ध्वनिमुद्रण केलं. ही फिल्म टेपपेक्षा जाड, त्यामुळे ताणली जात नाही आणि एका वेटोळ्याचा आवाज शेजारच्या वेटोळ्यावर उमटत नाही. कडेच्या छिद्रांमुळे गती स्थिर राहते. वेगही सेकंदाला १८ इंच, तर स्टुडिओच्या टेपचा सहसा १५. कमांडचे इनॉक लाइट यांनी १९६१ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये भलामोठा वाद्यवृंद घेऊन या पद्धतीने रेकॉर्ड काढली आणि पुढे चित्रपटांच्या सुरावटींचीही काढली. त्या काळचं डावी-उजवीकडचं विभाजन आजच्या कानाला टोकाचं वाटेल, पण झांजेचा आणि बेस क्लॅरिनेटचा पोत थक्क करतो.

टेलार्कच्या डिस्कवर स्पीकरला धोका असल्याची सूचना असते. ती मनावर घ्यायची का?

घ्यायची. टेलार्क ही जॅक रेनर आणि रॉबर्ट वुड्स यांनी १९७७ मध्ये अमेरिकेतल्या क्लीव्हलंडला काढलेली कंपनी. मोजके मायक्रोफोन आणि आवाजाच्या चढउताराला हात न लावणं हे त्यांचं धोरण. १९७९ च्या चायकोव्हस्कीच्या रेकॉर्डवरच्या तोफांनी अनेकांच्या सुया खाचेबाहेर उडवल्या आणि कंपनीचं नाव झालं. त्या रेकॉर्डवरच्या वाद्यवृंदाचे संचालक एरिक कुन्झेल. पुढे त्यांनीच सिनसिनाटी पॉप्स वाद्यवृंदाबरोबर अंतराळपट, वेस्टर्न, महापट, प्रेमधुना अशा विषयांवर एकामागून एक चित्रपटसंगीताच्या डिस्क केल्या. १९८४ ची ‘स्टार ट्रॅक्स’ त्यांतली गाजलेली. कुन्झेल २००९ मध्ये गेले. आवाजाची पातळी सुरुवातीच्या हळू भागावर ठरवू नका, सर्वांत मोठा भाग आधी ऐकून मग ठरवा.

टेलार्कच्या निमित्ताने एक जोडप्रश्न येतो: सगळ्या एसएसीडी खऱ्या अर्थाने हाय-रेझोल्यूशन असतात का? नाही. टेलार्कची सुरुवातीची मुद्रणं साउंडस्ट्रीम यंत्रावर १६ बिट, ५० किलोहर्ट्झची होती. एसएसीडीवर आली तरी मुळात जेवढं होतं तेवढंच तिथे असणार. ॲनालॉग टेपवरून किंवा थेट डीएसडीमध्ये केलेल्या डिस्कमध्ये जास्त माहिती असते. मुद्रणाचं वर्ष आणि यंत्र पुस्तिकेत बारीक अक्षरांत बहुधा दिलेलं असतं.

नव्या डिस्कवर हलकी सुरसुर ऐकू येते. परत करावी का?

ॲनालॉग टेपची सुरसुर असेल तर मुळीच नको. ती काढताना व्हायोलिनच्या गजाचा श्वास आणि सभागृहाची हवाही निघून जाते. ज्या मास्टरिंगमध्ये ती थोडी ठेवलेली असते त्यावर माझा जास्त विश्वास बसतो.

स्वस्त संकलनं घ्यावीत का?

मुखपृष्ठावर चित्रपटाचं नाव ठळक आणि वाजवणाऱ्याचं नाव शोधूनही सापडत नाही, अशी डिस्क ठेवून द्या. पुष्कळदा एका माणसाने सिंथेसायझरवर वाजवलेलं असतं. वाद्यवृंद, संचालक, सभागृह आणि तंत्रज्ञ अशी चार नावं छापलेली असतील तर किंमत कमी असली तरी जरूर घ्या. सिटी ऑफ प्राग फिलहार्मोनिकची बरीच मुद्रणं अशी स्वस्तात मिळतात, आणि त्यांतली मोठ्या ऐतिहासिक चित्रपटांची तर खास ऐकावीत.

हिंदी चित्रपटगीतांचं असं काही आहे का?

आहे, आणि आपल्याला अभिमान वाटावा असं आहे. पुण्याचे एकॉर्डियनवादक इनॉक डॅनियल्स, इलेक्ट्रिक गिटार आणि व्हायोलिन दोन्ही वाजवणारे व्हॅन शिप्ले, हवाईयन गिटारवर गाणं अक्षरशः गाऊन दाखवणारे सुनील गांगुली, यांच्या एचएमव्हीच्या रेकॉर्डी एके काळी लग्नमंडपापासून इराण्याच्या हॉटेलपर्यंत वाजायच्या. फरक इतकाच की हॉलिवूडची कव्हरं बहुतेक पार्श्वसंगीताची, आपली गाण्यांची. त्यामुळे वादकाला शब्दांची जागा मींडेने आणि गमकेने भरावी लागते. ही मुद्रणं ऐकायची तर जुन्या एलपी चांगल्या स्थितीत मिळवणं हाच मला सर्वांत भरवशाचा मार्ग वाटतो. सेकंडहँड बाजारात रेकॉर्ड उजेडाकडे तिरकी धरून खाचांची चमक बघा. करडी पडलेली रेकॉर्ड कितीही धुतली तरी सुधारत नाही.

आमचा छोटा वाद्यवृंद आहे. चित्रपटगीतांची डिस्क काढायची तर परवानगी लागते का?

लागते. संगीतकाराचे आणि कंपनीचे हक्क असलेल्या रचनेसाठी हक्कधारकाशी थेट करार करणं हा सरळ मार्ग. दुसरा मार्ग कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ३१सी चा. हे कलम २०१२ च्या दुरुस्तीने आलं. रचनेचं पहिलं ध्वनिमुद्रण ज्या वर्षी झालं ते वर्ष संपल्यावर पाच कॅलेंडर वर्षं गेली पाहिजेत. आधी नोटीस आणि आगाऊ रॉयल्टी द्यावी लागते, आणि ती प्रत्येक रचनेमागे वर्षाला किमान ५०,००० प्रतींच्या हिशेबाने. एखाद्या भाषेचा प्रसार लक्षात घेऊन ही किमान संख्या कमी ठरवण्याची तरतूद कायद्यात आहे. वेष्टनावर ही कव्हर आवृत्ती असल्याचं स्पष्ट छापावं लागतं. वेष्टन दिशाभूल करणारं नसावं, आणि त्यावर मूळ गायकाचं नाव किंवा छायाचित्र मुळीच वापरता येत नाही. मूळ रचनेत फेरफारही करता येत नाहीत, मुद्रणासाठी तांत्रिकदृष्ट्या आवश्यक तेवढेच चालतात. म्हणजे संयोजनात फार मोकळीक घ्यायची असेल तर थेट कराराचाच रस्ता धरा, आणि स्टुडिओची तारीख ठरवण्याआधी वकिलाला कागद दाखवा.